नावावर नाव

काम झालं आणि यंत्र काहीच बोललं नाही. काळ्या पडद्यावर उजेडाची छोटी कांडी पहिल्यासारखी लुकलुकायला लागली, जणू तिला काही सांगितलंच नव्हतं. प्रेरणा खुर्चीत पुढं सरकून तशीच बसून राहिली. ती वाट बघत होती तक्रारीची. कुठंतरी अडायला हवं होतं, पडद्यानं दोन शब्द कुरकुरायला हवे होते. मग तिनं चूक शोधली असती, दुरुस्त केली असती, पुन्हा चालवलं असतं. तिच्या हातचं काम आजवर असंच होत आलं होतं. न अडता काही पार पडलं की तिला बरं वाटायचं नाही. आतल्या खोलीत नीलू झोपली होती. तिच्या दोन्ही बाजूंना उशा होत्या, खिडकीला कडी होती, भिंतीतल्या प्लगच्या भोकांवर प्लास्टिकची झाकणं होती, तरी प्रेरणा उठून दारापर्यंत गेली, पोरीचं पोट वरखाली होतंय ना ते बघितलं, आणि परत आली. खाली गल्लीतनं पोरं तालमीच्या फुटबॉल टीमचे झेंडे लावून मोटरसायकली फिरवत होती. शिवाजी पेठेत फुटबॉलच्या दिवशी दुपारची झोप फक्त लहान मुलांना आणि बहिऱ्यांना लागते, असं प्रभुलिंग म्हणायचा. तिच्या नवऱ्याचा हा ठरलेला विनोद. हसत हसत म्हणायचा, पण ते दोन शब्द एका ओळीत आले की ती दचकायची. नीलूला अडीच वर्षं होत आली होती आणि ती अजून बोलत नव्हती. कान तपासून झाले होते, कान चांगले होते. म्हणजे ऐकत होती सगळं. ऐकून घेऊन गप्प बसत होती.

सकाळी अप्पांचा फोन आला होता. प्रेरणाचे वडील, चनबसाप्पा, गडमुडशिंगीत किराणा दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे, आणि फोनवर कशी आहेस, बरी आहे असलं काही करायचे नाहीत. "सांजचं येतोय. तुझ्या अव्वाचा आवाज हाय न्हवं तुझ्याकडं? तेवढा ऐकीव मला."

"हाय की अप्पा. पण आजच?"

"मग मुहूर्त काढू व्हय?" आणि जरा थांबून, "पोरगीचा बी ऐकीव. डाक्टरला दावतीस तो."

"दाखवत नाही अप्पा, ऐकवते."

"तेच की गं."

अव्वाला, प्रेरणाच्या आईला, जाऊन तीन वर्षं झाली, तेवढ्या काळात त्यांनी एकदाही असं काही मागितलं नव्हतं. प्रेरणानंही ते आवाज एकदाही उघडले नव्हते. ती पुण्यात नोकरीला होती तेव्हा अव्वा फोनवर निरोप बोलून पाठवायची, कारण तिला बारीक अक्षरं टाइप करायचा कंटाळा. प्रत्येक निरोपाची सुरुवात एकच, मी बोलालोय गं, अव्वा, जणू ओळख सांगितल्याशिवाय कुणी आत घेणार नाही. मग दुकानात कोण आलतं, चटणीला तिखट कुठलं घेतलं, चुलतभावाच्या म्हशीला काय झालं, आणि मध्येच मराठीतनं कानडीत जाऊन, ऊटा आत? जेवलीस का? हे सगळं प्रेरणानं तेव्हा ऐकलं होतं, ऑफिसच्या खिडकीपाशी, एका कानानं. गेल्यावर मात्र तिला वाटायचं, हे फार वाजवले तर झिजतील. लहानपणी घरात एक कॅसेट होती, ती वाजवून वाजवून शेवटी आतला माणूस पाण्याखालनं गायल्यासारखा झाला होता. आता असं काही झिजत नाही हे तिला कळत होतं; इंजिनिअर झालेल्या बाईला हे न कळायला काय झालं. पण कळणं डोक्यात असतं आणि भीती दुसरीकडंच कुठंतरी राहते. एक दिवस येईल, घरात कुणी नसेल, नीलू शाळेत गेलेली असेल, तेव्हा एकेक करून ऐकायचं, असं तिनं ठरवलं होतं. कशासाठी राखून ठेवलं ते तिलाही सांगता आलं नसतं. चांगली साडी ठेवतात तसं ठेवलं होतं. जुना फोन पडून फुटला तेव्हा तिनं ते सगळे निरोप कॉम्प्युटरवर आणले, वेगळा फोल्डर केला, आणि त्याला नाव देताना तिचा हात थांबला. अव्वा असं लिहवेना. ज्या नावानं तिनं आईला उभ्या आयुष्यात हाक मारली नव्हती, ते नाव तिनं लिहिलं. नीलम्मा.

आणि तेच नाव पोरीचं. आज्जी गेल्यावर घरात मुलगी झाली तर आज्जीचं नाव ठेवायचं, हे तिच्याकडं कुणी कुणाला सांगावं लागत नाही. बारशाला ते कानात सांगितलं गेलं, जन्मदाखल्यावर चढलं, आणि रोजच्या हाकेला नीलू उरलं. शेजारच्या तानाबाई एकदा जिन्यात म्हणाल्या होत्या, "मेलेल्या माणसाचं नाव ठेवलं की पोर जरा दमानंच बोलतंय बघ. आधी त्या माणसाचं बोलणं संपाय लागतंय." प्रेरणानं ते हसून सोडून दिलं आणि रात्रभर धरून ठेवलं. बोलण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात पोर जे काही आवाज काढतं ते टिपून ठेवा. त्यांनी आठवड्यातनं चारदोन म्हटले होते. ती दिवसातनं तेवढे टिपायची. दूध पिताना, आंघोळीला, झोपेत, रडून दमल्यावरचे हुंदके. डॉक्टरांकडच्या कागदावर पूर्ण नाव होतं, म्हणून तिनं त्या फोल्डरलाही पूर्णच नाव दिलं. एक फोल्डर घर या नावाखाली, दुसरा डॉक्टर या नावाखाली. दोन घरांत एका नावाच्या दोघी असाव्यात तशा त्या होत्या, आणि त्यात काही बिघडत नव्हतं, जोवर दोघींना कुणी एका अंगणात आणलं नव्हतं.

आज दुपारी तिनं आणलं. अप्पांसमोर शोधाशोध नको, एका जागी सगळं ओळीनं असावं. तिला एकच वस्तू दोन ठिकाणी पडलेली सहन व्हायची नाही. लसींचे कागद, गॅसचं पुस्तक, सगळ्याला एकच जागा. म्हणून नक्कल करायची नाही, हलवायचंच. नोकरीत असताना फोटो लावण्यासाठी तिनं पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो फोल्डरचं नाव घ्यायचा, पुढं एक, दोन, तीन असे आकडे लावायचा आणि त्या नव्या नावानं प्रत्येक फाईल मोठ्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायचा. तो लिहिला होता ऑफिसच्या लॅपटॉपवर, विंडोजवर. नोकरी सोडली, लॅपटॉप परत गेला, आणि प्रभुलिंगनं शिरोलीच्या फौंड्रीतनं निकालात निघालेला हा डबा आणला, आत नवी डिस्क घालून त्यावर फुकटातलं लिनक्स चढवून. यंत्र बदललं की काय काय बदलतं याचा ती तासभर विचार करत बसली होती. तिकडं फोल्डरांच्या नावांमधली रेघ उलटी तिरकी असते, इकडं सुलटी. तिनं एकेक रेघ बदलली. मराठीतली नावं इकडं नीट वाचली जातील का, मात्रा तुटतील का, तेही रिकाम्या फाईली करून पाहिलं. इंग्रजीतली मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा. सगळीकडं तिची नजर गेली. एका जागी गेली नाही, कारण तिथं तिला कधी बघावंच लागलं नव्हतं. विंडोजवर, त्या नावाची फाईल आधीच तिथं असली, की ते एका ओळीत म्हणायचं, आहे, आणि थांबायचं. ती त्या थांबण्यावर विसंबून होती. तिनं स्वतः तपासणी लिहिलीच नव्हती, कारण दारात कुणीतरी उभं असायचं.

तिनं नव्या फोल्डरमधली पहिली फाईल उघडली. नीलम्मा एक. क्षणभर श्वास ऐकू आला आणि तिला वाटलं, अव्वा बोलायच्या आधी असाच श्वास घ्यायची. मग ते ओलं, अर्धवट, ओठांवर फुटणारं बडबडणं, बाळाच्या आंघोळीचं पाणी, आणि तिचा स्वतःचा आवाज, बोल ना बाळा, बोल ना. दुसरी उघडली. नीलू. चौथी, अकरावी, मधलीच कुठली तरी. नीलू, नीलू, आणि प्रत्येक फाईलीत मागं ती स्वतः, विनवणाऱ्या, लाडीगोडीच्या, मध्येच चिडलेल्या आवाजात. घर या नावाखालचा फोल्डर रिकामा होता. डॉक्टर या नावाखालचाही. तिनं सनाला फोन लावला.

सना तिची कॉलेजची मैत्रीण, भावाबरोबर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायची. फोन उचलताच मागं कुणाशी तरी भांडत होती. "बोल गं, ए पहारेकरीण. पोरगी बोलली का?"

"नाही. सना, लिनक्सवर नाव बदललं आणि त्या नावाची फाईल आधीच असली, तर?"

"तर काय, नवी बसली. जुनी गेली. मुलाखतीला विचारत्यात की हे. तूच मला शिकीवलंवतंस."

"विंडोजवर अडतं."

"विंडोजवर अडतं, हितं न्हाय अडत. पायथनचं काय, सासरी गेलेल्या पोरीगत हाय त्याचं. ज्या घरी जाईल त्या घरची रीत." ती हसली. "काय उडवलंस? कुणाचं?"

"अव्वाचं."

पलीकडचं भांडण एकदम बंद झालं. 

"दुसरीकडं हाय का कुठं?"

"नाही. मेमरी कार्डावर होतं. ते मी पुसून नीलूच्या पाळण्यावरच्या कॅमेऱ्यात घातलं. झोपेत गुदमरली तर दिसावं म्हणून."

"या खुदा. सगळ्या वर्गाच्या पेनड्राइव्हची काळजी करणारी बाई तू," सना म्हणाली आणि लगेच आवाज उतरवून, "डिस्क कसली हाय? जुनी फिरती, का नवी?"

"नवी."

"मग ती गेलेल्या फाईलींची जागा स्वतःच झाडून पुसून घेती गं, मागं काय ठेवत न्हाय. आत्ताच्या आत्ता बंद कर, काय उघडू नको. उद्या घेऊन ये, बघते. पण प्रेरणा, आस लावून येऊ नको. ऐकालीस ना?"

तिनं यंत्र बंद केलं. आतला पंखा थांबला आणि खोलीत अशी काही शांतता झाली की बाहेरच्या मोटरसायकलीही दूरच्या गावातल्या वाटल्या. तिला राहून राहून एकच दिसत होतं. अव्वाचे निरोप कमी होते. नीलूचे जास्त. दोन्हीकडं आकडे एकपासनंच लागले. पोरीचा पहिला आज्जीच्या पहिल्यावर बसला, दुसरा दुसऱ्यावर, आणि आज्जीचे संपले तरी पोरीचे येतच राहिले. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच टिपले असते, तर शेवटचे काही निरोप उरले असते. थोडी कमी काळजी केली असती, तर. आयुष्यात सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, अगं किती काळजी करतीस, आणि कुणालाही ठाऊक नव्हतं की ते मोजून सांगता येईल असं, इतकं खरं सांगताहेत. मग तिच्या मनात आणखी एक गोष्ट आली. फोल्डर कुठल्या क्रमानं पुढं यावेत याला या यंत्रावर तसा नियम नाही. जो आधी येईल तो आधी. डॉक्टरचा आधी आला असता आणि घरचा नंतर, तर अव्वाचे सगळे निरोप राहिले असते, आणि त्यांच्याखाली गेली असती नीलूची पहिली काही बडबड. एवढंच गेलं असतं. असंच का झालं नाही? हे वाक्य मनात पूर्ण होऊन गेलं आणि मग ती दचकली. आपण कुणाला कुणाच्या खाली घालायला निघालो होतो? ती उठली, आतल्या दारापाशी गेली. नीलू तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती, वरच्या ओठावर घाम होता. अव्वाच्या वरच्या ओठावरही, चुलीपाशी बसली की. प्रेरणाला पोरीला उठवून छातीशी धरावंसं वाटलं आणि तसं करायची लाज वाटली. ती उंबऱ्यावरच उभी राहिली, कुणीतरी आतून ये म्हणेपर्यंत थांबावं तशी.

अव्वाच्या एका निरोपातलं एक वाक्य आठवून बघायचा तिनं प्रयत्न केला. म्हैस आठवली, चटणी आठवली, शब्द अगदी जसेच्या तसे आठवले, पण ते सगळे तिच्या स्वतःच्या आवाजात, पाठांतर म्हटल्यासारखे. आवाज कसा असतो हे माणसाला शब्दांत ठेवता येत नाही. घोगरा म्हटलं की जगातल्या सगळ्या घोगऱ्या बाया उभ्या राहतात आणि आपली त्यांत सापडत नाही.

ऊन भिंतीवरनं उतरायच्या बेतात होतं तेव्हा अप्पा आले, जिन्यात प्रत्येक वळणावर थांबत, धोतराचा सोगा हातात धरून. नीलू उठून बसली होती. अप्पांनी खिशातनं भाजलेल्या शेंगा काढल्या, आणि प्रेरणानं त्यांच्या हातातनं त्या वरच्यावर काढून घेतल्या. "दाणा घशात अडकतो अप्पा."

"तू काय शेंगा न खाता वाढलीस व्हय?" ते म्हणाले आणि खुर्चीत बसून त्या काळ्या पडद्याकडं बघायला लागले, सिनेमा सुरू व्हायच्या आधी बसतात तसे. "हं. लाव."

तिनं ठरवलं होतं की यंत्र नादुरुस्त आहे म्हणायचं. उद्या सनाकडं जायचंच आहे. महिनाभर ढकलता आलं असतं, आणि अप्पा विसरणारे नव्हते पण विचारणारेही नव्हते. ती म्हणाली, "अप्पा, अव्वाचा आवाज गेला. माझ्या हातनं गेला."

"गेला म्हंजे? दुरुस्त हुईल की."

"नाही होत. दोघींचं नाव एकच होतं ना. एका ठिकाणी ठेवायला गेले, तर पोरीचा आवाज अव्वाच्या आवाजावर बसला. जुन्या मशीनवर असं बसू द्यायचं नाही, अडवायचं. हे अडवत नाही. मला ठाऊक होतं, पण..."

अप्पा म्हणाले, "म्हंजे यष्टीत रुमाल टाकून जागा धरलेली, आणि दुसऱ्या पाशिंजरनं रुमाल काढून टाकला, बसला. असंच न्हवं?"

"असंच."

"आणि पाशिंजर कोण, तर ही." त्यांनी नीलूकडं बघितलं. "बस बाई, बस. तुझीच जागा हाय." ते हसले, पण हसू अर्ध्यावर सोडून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. प्रेरणाला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तिचं बोलणं मला आठवतंय अप्पा. सगळं सांगते. म्हशीचं, चटणीचं..."

"बोलणं नगो गं. बोलणं माझ्या डोक्यात हाय, जन्मभर ऐकलंय. भांडण सुदीक हाय." ते टोपीची घडी नीट करत राहिले. "हाक गेली. मी दुकानात बसलोय, आणि ती मागच्या दारातनं हाक मारायची, बघ. री म्हणून. नाव कुठं घ्यायची ती माझं. नुसतं री. ती परवापतूर कानात हुती. आता रोज बसून काढाय बघतोय, तर येतच न्हाय. म्हटलं, मशिनीत असंल." मग मान वर न करता, "हुती का त्यात?"

होती. एका निरोपात अव्वा बोलता बोलता थांबते, फोन तोंडापासनं लांब धरते आणि मागं वळून री, म्हणजे अहो, अशी हाक मारते, दूध उतू जातंय म्हणून. प्रेरणाला तो निरोप कुठल्या खिडकीपाशी ऐकला तेही आठवलं. नाही म्हणावं, म्हणजे त्यांना वाटेल की तसंही काही गेलं नव्हतं. "होती," ती म्हणाली.

"मग तुझ्या ध्यानात असंल. मारून दाव की."

"मी?"

"मग काय तानाबाईला बलवू?"

तिनं घसा साफ केला. स्वतःच्या बापाला नवऱ्यासारखी हाक मारायची, तिचे कान तापले. "री," ती म्हणाली.

"तसं न्हवं. हे सायबाला बलावल्यागत झालं. लांबनं."

ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याला हात टेकून उभी राहिली आणि थोडं मोठ्यानं म्हणाली, "रीऽ."

"जरा खालनं. आणि शेवटाला वर घे."

तिनं खालनं घेतलं. शेवटाला वर नेलं.  बाहेरच्या खोलीत नीलूनं काहीतरी जमिनीवर आपटलं. मग अप्पा म्हणाले, "हां. हीच."

ती नव्हती. प्रेरणाला ते त्यांच्याआधी कळलं होतं. अव्वाच्या हाकेत मध्ये कुठंतरी एक बारीक अडखळ होती, घाई आणि राग यांच्यामधली, आणि अगदी आत्ता, ओट्यापाशी येईपर्यंत, ती तिच्या कानाच्या आत शाबूत होती. पहिली हाक तिनं त्याच अंदाजानं मारली होती. मग अप्पा सांगत गेले तशी ती बदलत गेली, दोघं मिळून कुठल्यातरी तिसऱ्याच बाईच्या आवाजापर्यंत पोचले, आणि आता ती अडखळ शोधायला गेलं की तिथं हीच हाक होती, सुबक, तिची स्वतःची. बाहेर जाऊन सांगावं, अप्पा, ही नव्हे, विसरा ही. पण मग त्यांच्याकडं काय उरतं, आणि कुठली विसरा म्हणून सांगायची?

"प्रेरणा," अप्पांनी विचारलं, "अजून एकदा मारतीस?"

दारातनं तिला ते दिसत होते. डोळे मिटून बसले होते, टोपी मांडीवर, आणि नीलू त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. प्रेरणानं पाठ फिरवली आणि हाक मारली.

"आलो, आलो," अप्पा म्हणाले, आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.